खिशाला झेपेल असं ताज कसं शोधावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ती मे महिन्यात. दोघांना दोन रात्री ताजमध्ये न्यायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं. मे महिन्यातल्या शनिवारचा दर बघितला आणि फोन बाजूला ठेवून दिला. शेवटी गेलो जुलैत, आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात, सोमवार ते बुधवार, गोव्याच्या ताज फोर्ट अग्वादला. मे महिन्यातल्या एका रात्रीला जितके पैसे पडत होते, त्यात थोडीच भर घालून दोन रात्री झाल्या, तेही नाश्ता धरून. सिकेरीला जुन्या पोर्तुगीज किल्ल्याचा बुरूज थेट समुद्रात घुसलेला आहे. पावसाळी लाटा त्याच्यावर आदळत होत्या आणि आई खिडकीशी खुर्ची ओढून नुसती बघत बसली होती. समोरचा चहा पार गार झाला तरी उठली नाही.

तेव्हापासून नात्यातली, ओळखीतली मंडळी विचारतात, "आम्हालाही जमेल का?" जमतं. त्याला ओळखपाळख लागत नाही. एक वही, एक कालनिर्णय आणि निवांत अशा दोन संध्याकाळी पुरतात. त्या दोन संध्याकाळी नेमकं काय करायचं, ते इथे सांगते.

आधी घराणं ओळखून घ्या

जमशेटजी टाटांनी मुंबईत अपोलो बंदरावर पहिलं ताज उघडलं ते १६ डिसेंबर १९०३ रोजी. ते चालवणारी कंपनी म्हणजे इंडियन हॉटेल्स. तिची आज नुसती 'ताज' नावाची हॉटेलं नाहीत, वेगवेगळ्या नावांची भावंडं आहेत: सिलेक्शन्स, विवांता, गेटवे आणि जिंजर. पहिल्यांदा शोधणाऱ्याचा घोळ इथेच होतो. शोधायला जावं ताज, समोर येतं विवांता, आणि दर कमी बघून माणूस खूश होऊन पैसे भरून मोकळा होतो. विवांता चांगलंच असतं, पण घरच्यांना 'ताज' सांगून नेलं असेल तर दारावरची पाटी बघून त्यांचा चेहरा उतरतो. म्हणून आधी घरात विचारून घ्या: आपल्याला ताज हे नाव हवंय, की त्या घराण्याची व्यवस्था आणि आदरातिथ्य मिळालं तरी चालेल?

नाव नसलं तरी चालत असेल, तर आपल्या महाराष्ट्रात बरंच काही आहे. पुण्यात कोरेगाव पार्कचं ब्ल्यू डायमंड आणि मुंबईत कफ परेडचं प्रेसिडेंट ही दोन्ही सिलेक्शन्समध्ये येतात. हिंजवडीला विवांता आहे, छत्रपती संभाजीनगरला विवांता आहे, नाशिकला अंबडजवळ गेटवे आहे. 'ताज' हीच पाटी हवी असेल, तर महाराष्ट्रात गाडी बहुतेक मुंबईवरच येऊन थांबते आणि मुंबई स्वस्त नाही. अशा वेळी राज्याबाहेर बघावं.

जिंजर मात्र या हिशेबात धरू नका. ते स्वच्छ, सुटसुटीत, कामापुरतं हॉटेल आहे. परीक्षेला किंवा मुलाखतीला जाताना उत्तम. सोहळा साजरा करायला जायचं असेल तर नाही.

शहर तेच, हॉटेल धाकटं

एकाच शहरात या घराण्याची दोनतीन हॉटेलं असतात आणि त्यांच्या दरांत जमीनअस्मानाचा फरक असतो. जोधपूरला उमेद भवन पॅलेस आहे. तो १९४३ मध्ये पूर्ण झालेला खराखुरा राजवाडा, आणि दरही राजवाड्याचेच. त्याच शहरात ताज हरी महल आहे. ते हॉटेल म्हणूनच बांधलेलं, मारवाडी धाटणीचं, मोठ्या बागेचं. पाटी ताजचीच, पण दर कितीतरी खाली. वाराणसीत तर नदेसर पॅलेस आणि ताज गँजेस एकाच आवाराला लागून आहेत. नदेसरमध्ये मोजून दहा खोल्या, म्हणून ते महाग. गँजेस मोठं, म्हणून आवाक्यातलं. उदयपूरला पिछोला तलावातल्या लेक पॅलेसच्या जोडीला शहराबाहेर डोंगरात ताज अरवली आहे. बंगळुरूला १८८७ पासूनचं वीस एकरांचं वेस्ट एंड आहे, तसंच यशवंतपूरचंही ताज आहे.

मुंबईतही ही खुबी चालते. गेटवे ऑफ इंडियासमोरच्या ताजचे दोन भाग आहेत, जुना घुमटाचा पॅलेस आणि त्याच्या शेजारचा टॉवर. टॉवरमधली रूम साधारणपणे पॅलेसमधल्या रूमपेक्षा कमी दरात मिळते. आतून दोन्ही जोडलेले आहेत, त्यामुळे टॉवरमध्ये उतरलात तरी पॅलेसच्या जिन्यापाशी जाऊन उभं राहता येतं. तेही झेपत नसेल, तर पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये टेबल राखून संध्याकाळचा चहा घ्या. समोर गेटवे आणि बंदरातल्या बोटी दिसतात. मुक्कामाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. माझ्या मते मुंबईकरांनी मुंबईच्या ताजची हौस अशीच भागवावी आणि मुक्कामाचे पैसे दुसऱ्या गावासाठी राखून ठेवावेत.

तिथे एरवी कोण उतरतं?

माझा सगळा भर या एका प्रश्नावर असतो. हॉटेलाचा दर ठरलेला नसतो, तो रोज वरखाली होतो. त्या रात्री किती रूम भरल्या आहेत आणि आणखी किती भरतील, यावर तो हलतो. म्हणून त्या हॉटेलाचं नेहमीचं गिऱ्हाईक कोण, ते आधी ओळखायचं. ते गिऱ्हाईक घरी गेलं की आपण जायचं.

कंपन्यांच्या कामासाठी येणारी माणसं सोमवारी येतात आणि गुरुवारी-शुक्रवारी परततात. त्यामुळे बंगळुरूचं यशवंतपूर, चेन्नईचं क्लब हाउस, हैदराबादचं डेक्कन, चंडीगढचं ताज किंवा आपल्या हिंजवडीचं विवांता अशा ठिकाणी शुक्रवार ते रविवार बघा. रविवारची रात्र तर आवर्जून बघा. शनिवार-रविवारच्या सहलीला आलेले परतलेले असतात आणि सोमवारच्या मीटिंगवाले अजून पोचलेले नसतात.

सहलीच्या ठिकाणी गणित बरोब्बर उलटं. गोवा, उदयपूर, ऋषीकेश इथे शुक्रवार-शनिवार महाग आणि सोमवार ते बुधवार स्वस्त. नोकरदार माणूस म्हणेल, मधल्या वारी रजा कोण देणार? पण त्या एका रजेने जेवढे पैसे वाचतात, तेवढे बाकी कुठल्याच युक्तीने वाचत नाहीत. आईवडील निवृत्त असतील आणि मुलं शाळेत जाण्याइतकी मोठी नसतील, तर सोमवार ते बुधवार जाण्याइतकं सोपं काही नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. गावात मोठा कार्यक्रम असला की वार कुठलाही असो, दर चढतात. बंगळुरूला विषम सालच्या फेब्रुवारीत विमानांचं प्रदर्शन भरतं. नाशिकला २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास रूम मिळाली तरी नशीब म्हणायचं. क्रिकेटचा सामना, मोठी परिषद, विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, काहीही चालतं. एखाद्या साध्या मंगळवारी दर अचानक दुप्पट दिसला, तर समजावं की गावात काहीतरी आहे. तारीख पुढेमागे करून बघावी.

पंचांग उघडा

मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नात लग्नांचा वाटा मोठा असतो. विशेषतः गोवा, उदयपूर, जयपूर ही लग्नाची ठिकाणं. दोन कुटुंबं मिळून निम्मं हॉटेल घेतात, मग उरलेल्या रूम महाग होतात. शिवाय हिरवळीवर मांडव, रात्री ढोल, नाश्त्याला रांग. म्हणून तारीख ठरवण्याआधी कालनिर्णयात विवाहमुहूर्त बघा आणि ते दिवस टाळा.

आता हेच उलटून बघा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो तो कार्तिकी एकादशीपर्यंत. या काळात उत्तरेतही लग्नं लावत नाहीत. त्यातच पावसाळा, म्हणजे सहलीची मंडळीही कमी. आम्ही गोव्याला गेलो तो हाच काळ. पितृपंधरवड्यात तर आपल्याकडे माणसं नवी खरेदीसुद्धा टाळतात. ज्यांच्या घरी त्या दिवसांत प्रवासाला हरकत नसेल, त्यांनी ते पंधरा दिवस जरूर तपासावेत. भाद्रपदातला गोवा हिरवागार असतो आणि पावसाचा जोरही ओसरलेला असतो.

पण चातुर्मास म्हणजे सरसकट स्वस्त, असं समजू नका. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली की गोवा डिसेंबरसारखा भरतो. दसरा-दिवाळीच्या सुट्टीतही तेच. त्यामुळे मुहूर्त नाही, जोडून सुट्टी नाही, शाळा सुरू आहेत आणि वार मधला आहे, अशी चारही खणांत बसणारी तारीख शोधायची. अशा तारखा वर्षात बऱ्याच निघतात.

राजस्थानात हंगाम हिवाळ्याचा. एप्रिल ते जून उन्हाचा तडाखा असतो आणि महालांचे दर चांगलेच उतरतात. दुपार थंडगार खोलीत काढायची आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायचं, अशी तयारी असेल तर जावं. वयस्कर माणसांना मात्र मी त्या दिवसांत नेणार नाही. दुबईचंही तसंच: जुलै-ऑगस्टमध्ये दर खाली येतात. तिथे नातेवाईक असतील आणि एकदोन रात्री ताजमध्ये काढायच्या असतील, तर पाम बेटावरच्या ताज एक्झॉटिकाच्या आधी जुमेरा लेक टॉवर्सचं ताज बघा. दुबईत पंचतारांकित हॉटेलात प्रत्येक रूममागे रात्रीला २० दिरहॅम पर्यटन शुल्क वेगळं भरावं लागतं, ते हिशेबात धरा.

पावसाळ्यात गोव्याला जाताना दोन गोष्टी आधीच पत्करा. समुद्रात उतरता येत नाही, लाल बावटे लावलेले असतात आणि ते मोडून उतरण्याचा वेडेपणा करू नये. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. तिकीट काढताना तेच वेळापत्रक बघा.

वही कशी मांडायची

पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर बसा. अधिकृत वेबसाइटवर सगळी हॉटेलं शहरवार मिळतात आणि कुठलं ताज, कुठलं विवांता हे स्पष्ट कळतं. रेल्वेने रात्रभरात किंवा गाडीने दिवसाभरात जाता येईल अशी पाच-सहा हॉटेलं निवडा. प्रवासाचं भाडं त्यात धरलं की लांबचं 'स्वस्त' हॉटेल बरेचदा महागच पडतं.

वहीच्या एका पानावर एक हॉटेल. प्रत्येकासाठी चार तारखांचे दर लिहा: पुढच्या महिन्यातला एक मंगळवार आणि एक शनिवार, चातुर्मासातला एक मंगळवार आणि एक रविवार. शेजारी तीन खूणगाठी: दर करासकट की कराशिवाय, नाश्ता आहे की नाही, रद्द केलं तर पैसे परत की नाही. एवढं केलं की कुठलं हॉटेल कुठल्या दिवशी खाली येतं, हे आपोआप दिसायला लागतं. मला हे काम फार आवडतं. पाच पानं शेजारी ठेवली की ज्या हॉटेलाकडे आपण ढुंकूनही बघितलं नसतं, तेच कधीकधी वर येतं.

एक दक्षता घ्या. सगळ्यात स्वस्त दर बहुतेक वेळा 'फक्त रूम' असा असतो. चौघांचा नाश्ता तिथे वेगळा घ्यायचा म्हटलं तर वाचलेले पैसे पहिल्याच सकाळी जातात. नाश्त्यासकट दर थोडा जास्त असला तरी घरच्यांबरोबर जाताना तोच घ्यावा. तिथला नाश्ता दहा वाजता पोटभर केला की दुपारचं जेवण लागतच नाही.

साडेसात हजारांची रेषा

कराचा हा नियम माहीत नसल्यामुळे खूप जण उगाच जास्त पैसे भरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचा एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो. त्याच्या वर गेला की १८ टक्के, आणि तो वरच्या फरकावर नाही, सगळ्या रकमेवर. ७,४०० ची रूम करासकट ७,७७० ला पडते. ७,६०० ची रूम पडते ८,९६८ ला. दरात फरक दोनशेचा, प्रत्यक्षात फरक जवळजवळ बाराशेचा. दोन रात्री राहिलात तर चोवीसशे.

म्हणून दर ७,५०० च्या जरासा वर दिसला, तर एक दिवस अलीकडे-पलीकडे बघा, खालच्या प्रकारची रूम बघा किंवा सभासदांसाठीचा दर (त्याबद्दल पुढे सांगते) लावून बघा. ताजचा बहुतेक ठिकाणचा दर या रेषेच्या वरच असतो, हे खरं. पण विवांता, गेटवे आणि काही ठिकाणची ताजसुद्धा पडत्या दिवसांत या रेषेच्या आसपास येतात, तेव्हा हा हिशेब हाताशी असावा.

जेवणाचंही तसंच आहे. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्याही रूमचा दर ७,५०० च्या वर गेला असेल, तिथल्या रेस्तराँच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या रेस्तराँमध्ये ५ टक्के. आम्ही एक रात्र हौसेने हॉटेलात जेवलो आणि दुसऱ्या रात्री पणजीत जाऊन मासळीची थाळी खाल्ली. बाबांना दुसरं जेवण जास्त आवडलं.

मग फोन उचला

दुसऱ्या संध्याकाळी वहीतल्या पहिल्या दोन हॉटेलांना थेट फोन करा. नव्या माणसाला इथे संकोच वाटतो, पण आरक्षण विभागातली माणसं नम्रपणे बोलतात आणि मराठी-हिंदीत विचारलेलं त्यांना चालतं. माझं बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार. आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी आहे. वेबसाइटवर सोमवार-मंगळवारचा अमुक दर दिसतोय. तुमच्याकडून थेट घेतलं तर नाश्ता किंवा एखाद्या जेवणासकट काही योजना आहे का? तारीख दोन दिवस पुढे नेली तर फरक पडेल का? त्या दिवसांत हॉटेलात लग्न आहे का? पोहण्याचा तलाव सुरू आहे ना? वडिलांचे गुडघे दुखतात, रूम लिफ्टजवळ आणि जिने न चढता जाता येईल अशी मिळेल का?"

दर कमी होईलच असं नाही. पण तारखेबद्दलचं उत्तर लाखमोलाचं असतं, आणि लग्नाची पन्नाशी आहे हे त्यांच्या नोंदीत जातं. आमच्या रूमवर छोटा केक आणि हाताने लिहिलेलं कार्ड ठेवलेलं होतं. आईने ते कार्ड देवघराच्या खणात जपून ठेवलंय.

किती माणसं आहेत ते मात्र खरं सांगा, मुलांची वयं सांगा. एकदा मी एका अ‍ॅपवरून दुसऱ्याच एका हॉटेलचं बुकिंग केलं होतं. अ‍ॅपवर तिघांची नोंद केली होती, हॉटेलात पोचली दोघांचीच. रात्री दहाला रिसेप्शनवर उभं राहून जादा गादीचे आणि तिसऱ्या नाश्त्याचे पैसे भरले. तेव्हापासून बुकिंग कुठूनही केलं तरी आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नावं, माणसं आणि नाश्ता वाचून घेते.

पैसे भरण्याआधी टाटा न्यू या टाटांच्याच अ‍ॅपचं सभासदत्व घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. सभासदांना वेबसाइटवर वेगळा दर दिसतो, आणि खर्चावर न्यूकॉइन्स मिळतात, एक कॉइन म्हणजे एक रुपया. घरात कोणी बिग बास्केट किंवा क्रोमावरून खरेदी करत असेल तर त्यांच्या खात्यात आधीचे कॉइन्स पडून असतात. विचारून बघा.

शक्यतो रद्द करता येणारा दर घ्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नक्कीच. शिवाय त्याचा एक फायदा आहे: फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि तोपर्यंत आठवड्यातून एकदा दर बघत राहायचं. खाली आला, तर आधी नवं बुकिंग करायचं, त्याचा निरोप हातात आला की मगच जुनं रद्द करायचं. उलट क्रमाने केलं आणि मधल्या पाच मिनिटांत रूम गेली, तर हात चोळत बसावं लागतं.

पोचल्यावर

ताजमध्ये रूम दुपारी दोनला मिळते आणि निघायच्या दिवशी बाराला सोडायची असते. पण सकाळी अकराला पोचलात तरी बिनधास्त आत जा. सामान ठेवून घेतात, रूम तयार असेल तर लवकरही देतात. निघतानाही तसंच: बाराला रूम सोडून सामान त्यांच्याकडे ठेवा आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बागेत, लॉबीत बसा. पैसे भरलेल्या दोन रात्रींत तीन दिवस मावतात.

सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर घ्या. आत शिरताना कार्डवर काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतात, ती नंतर सुटते. घाबरू नका, पण तेवढी शिल्लक कार्डवर असू द्या. रूममधल्या फ्रिजवरच्या चॉकलेटांना आणि बाटल्यांना पैसे पडतात. चहा-कॉफीची किटली आणि पुड्या असतात, त्यांना नाही. हे मुलांना रूमचं दार उघडण्याआधी सांगा. कपडे धुवायला देऊ नका, एका सदऱ्याला जे पडतं त्यात घरी आठवड्याचे कपडे इस्त्री होतात.

कपड्यांचं दडपण घेऊ नका. आई नेहमीच्या सुती साडीत होती, पायात चपला. दारावरच्या दरबानाने हात जोडले तेव्हा ती क्षणभर थबकली, मग तिनेही हात जोडले आणि "येते हं आत" असं म्हणून सरळ आत गेली.

निघायच्या आदल्या रात्रीच बिलाचा कच्चा कागद मागून घ्या आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. सकाळी रिसेप्शनवर गर्दी असते, गाडी गाठायची घाई असते. रात्री मात्र ते शांतपणे एकेक ओळ समजावून सांगतात.